एक घर पुढे पडलेलं बोट

मी मोजते. ऑफिसात मला मोजणीबाई म्हणतात. तोंडावर नाही, मागे. पण कँटीनच्या रांगेत उभं राहिलं की मागचं सगळं ऐकू येतं. एखादं सॉफ्टवेअर रखडलं की मला बोलावतात आणि ते नेमकं कुठे रखडतंय ते शोधून मी अहवाल देते. लोकांना वाटतं यात मोठी हुशारी आहे. कसली हुशारी, डोक्याला ताप आहे नुसता. प्रोसेसरच्या पोटातच बारीक बारीक मोजणीयंत्रं बसवलेली असतात. ती चालू करायची, लाखभर नोंदी गोळा करायच्या आणि कोडच्या कुठल्या ओळीवर नोंदींचा ढीग पडलाय ते बघायचं. मग ती ओळ ज्याने लिहिली त्याच्या टेबलाशी जाऊन उभं राहायचं. तो आधी नाही म्हणतो, मग चिडतो, मग हो म्हणतो. चोवीस वर्षं मी हेच करतेय आणि आता खरं सांगायचं तर कंटाळा आलाय.

मार्चमध्ये मी असाच एक अहवाल दिला आणि त्यातून मास्तरांचं वाटोळं केलं. दुसरा शब्द मला सापडत नाही.

मास्तर म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात जुने प्रोग्रामर. पूर्वी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मास्तर. वय एकसष्ट, दरवर्षी करार वाढवून कामावर ठेवलेले. हे काम मी त्यांच्याच हाताखाली शिकले. आमची कंपनी रुग्णालयातल्या स्कॅनच्या मशीनचं सॉफ्टवेअर बनवते. माणूस त्या बोगद्यात पडून राहतो, मशीन आकडे ओकत राहतं आणि आमचा प्रोग्राम त्या आकड्यांतून मणक्याचं नाहीतर गुडघ्याचं चित्र तयार करतो. चित्र नीट आलंय याची खात्री होईपर्यंत त्या माणसाला हलायची सोय नाही. या कामाला चार मिनिटं लागायला हवी होती, लागत होती अकरा. पाठ धरलेल्या माणसाला अकरा मिनिटं निपचित पडायला सांगून बघा. रुग्णालयांनी तक्रारी करून करून साहेबांच्या नाकी नऊ आणले, आणि साहेबांनी माझ्या.

मी मोजलं. शंभरातल्या सहासष्ट नोंदी मास्तरांच्या भागावर पडल्या होत्या. चित्रातले खरबरीत ठिपके गुळगुळीत करणारा तो भाग, पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी लिहिलेला. ‘वेळ इथे जातो’ असं मी अहवालात लिहिलं, खाली सही केली आणि मोकळी झाले.

पुढचं सगळं त्या सहीवर झालं. साहेबांनी तो भाग नव्याने लिहायला बाहेरच्या एका कंपनीला दिला आणि मास्तरांना तळमजल्यावर माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. मास्तर एका शब्दाने भांडले नाहीत. “जरा वेळ द्या, मी सुधारतो,” एवढंच म्हणाले. पुस्तिका लिहून झाल्या की आपला तो भाग परत लिहायचे. एकदा लिहिला, चालवून बघितला, अकरा मिनिटं. दुसऱ्या पद्धतीने लिहिला, अकरा मिनिटं. असे सात वेळा. सातव्यांदा अकरा मिनिटं लागली तेव्हा ऑगस्ट उजाडला होता, आणि त्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“माझं डोकं गेलं गं,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता, चष्मा हरवला म्हणून सांगावं तसा. “सात वेळा लिहिलं. पूर्वी मला दिसायचं कुठे चुकतंय ते. आता दिसतच नाही.”

मी स्क्रीनवरून नजरसुद्धा धड उचलली नाही. “अहो मास्तर, वय झालं की थोडंफार होतंच,” मी म्हणाले.

हे वाक्य माझ्या तोंडून गेलेलं आहे.

सप्टेंबरात ते स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, वर्षाने पुन्हा दाखवा. मास्तरांना त्यातलं ‘वर्षाने पुन्हा दाखवा’ एवढंच ऐकू आलं. त्यांनी साहेबांना लिहून दिलं की ऑक्टोबरअखेर माझा करार संपतोय तो वाढवू नका, मला आता झेपत नाही. चाळीस वर्षं आकड्यांशी खेळलेला माणूस, त्याने स्वतःच्या डोक्यावर पाणी सोडलं. ऑफिसात सगळे हळहळले. मीही हळहळले, आणि दुसऱ्या कामाला लागले.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बाहेरच्या कंपनीने नवा भाग पाठवला. झकपक होता. चालवला, तर दहा मिनिटं बावन्न सेकंद. सहा महिने वाट बघून आठ सेकंद वाचले होते. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

“आता?” त्यांनी विचारलं.

“आता परत मोजते,” मी म्हणाले.

या वेळी मास्तरांचा जुना भाग परत लावून खऱ्या मशीनवर मोजायचं ठरवलं. इथे मला कबूल करायला हवं, मार्चमध्ये मी भाड्याच्या मशीनवर मोजलं होतं. स्कॅनचा खरा संगणक तिसऱ्या मजल्यावर असतो, त्यासाठी अर्ज करून चार दिवस नंबर लावावा लागतो. भाड्याचं मशीन इंटरनेटवरून आपल्या खुर्चीतून चालतं. आणि त्याच आठवड्यात वन्सं न्हाणीघरात पडल्या होत्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, आमच्याकडेच असतात. खुब्याचं हाड मोडलं. सकाळी दवाखाना, दुपारी ऑफिस, संध्याकाळी परत दवाखाना. भाड्याच्या मशीनवर एक सोय बंद असते हे मला पक्कं माहीत होतं. आत्ता असंच चालवून घेऊ, खऱ्या मशीनवर नंतर बघू, असं मी मनाशी म्हटलं, आणि ते नंतर कधी आलंच नाही.

ती सोय काय ते सांगते, अवघड नाही. मोजणीयंत्र भरलं की ते प्रोसेसरला हाक मारतं: थांब, आत्ता कुठल्या ओळीवर आहेस ते सांग. पण हाक पोचेपर्यंत तो गडी दोनचार पावलं पुढे गेलेला असतो. तो थांबतो आणि जिथे थांबला तिथला पत्ता सांगतो. रखडला मागच्या ओळीवर, नोंद पुढच्या ओळीच्या नावावर. बहुतेक वेळा मागची आणि पुढची ओळ एकाच माणसाची असते, म्हणून कुणाला फरक पडत नाही. नेमका पत्ता हवा असेल तर प्रोसेसर स्वतःच जागच्या जागी टिपून ठेवतो, पण ते खऱ्या मशीनवर, आणि तसं आधी सांगावं लागतं. सांगायचं म्हणजे आज्ञेत एक अक्षर जास्त टाइप करायचं.

मी ते अक्षर टाइप केलं. अकरा मिनिटांनी नोंदी आल्या. मास्तरांच्या भागावरचा सहासष्टचा ढीग तिथून उठला आणि त्याच्या आधीच्या चार ओळींवर जाऊन बसला. मास्तरांकडे उरल्या दोन.

त्या चार ओळींचं काम हमालाचं. मेमरीतून चित्राचा एक एक ठिपका उचलायचा आणि मास्तरांच्या भागाच्या हातात द्यायचा. पण चित्र मेमरीत आडवं मांडलेलं आणि हा बाबा ते उभं वाचत होता. शेजारचा ठिपका हाताशी असताना दर वेळी लांब जाऊन खालच्या रांगेतला आणायचा. प्रोसेसर बिचारा त्याची वाट बघत ताटकळत बसायचा. मास्तरांचा भाग नुसता हात पसरून उभा होता, आणि मी त्याच्यावर खापर फोडलं होतं. सात वेळा काय, त्यांनी सत्तर वेळा लिहिलं असतं तरी अकराच मिनिटं लागली असती.

मी त्या चार ओळी आडव्या केल्या आणि चालवलं. तीन मिनिटं पन्नास सेकंद. एरवी असं झालं की मी उठून चहा घेऊन येते. त्या दिवशी मी तशीच बसून राहिले.

साहेबांना सांगितलं तर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी विचारलं, “ओळी कुणाच्या?”

“तुमच्या,” मी म्हणाले. अकरा वर्षांपूर्वी, साहेब व्हायच्या आधी त्यांनी लिहिल्या होत्या.

ते डोक्यावरून हात फिरवत हसले. “बरं झालं सापडलं. रुग्णालयांना आजच कळवतो.”

“आणि मास्तरांना?”

“त्यांना कशाला आता? महिनाअखेर चाललेच आहेत, स्वतःच नको म्हणालेत. उगाच उकरून काढलं तर त्यांनाच त्रास.”

माझं डोकं सटकलं. “साहेब, ते डोकं गेलं म्हणून चाललेत. गेलेलं नाहीये ते. अहवाल माझा होता, तो चुकला असं मी सगळ्यांना लिहून पाठवणार आहे. ओळी कुणाच्या ते लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा.”

ते टेबलावरचं पेन फिरवत राहिले. माणूस वाईट नाही, दमलेला आहे, आम्हा सगळ्यांसारखाच. “लिहा,” शेवटी म्हणाले. “माझंही नाव लिहा. आणि त्यांना सांगा, करार वाढवायला मी तयार आहे.”

पत्र मी त्याच दिवशी पाठवलं. पण मास्तर त्या दिवशी सुट्टीवर होते, आणि खरं म्हणजे मला हायसंच वाटलं. घरी गेले तर वन्सं पलंगावरून म्हणाल्या, “तोंड का पडलंय?” मी सगळं सांगितलं. दवाखान्याचे हेलपाटे, दमणूक, भाड्याचं मशीन, सगळं.

“म्हणजे माझ्या खुब्यावर ढकलतेस होय?” त्या म्हणाल्या.

“तसं नाही हो वन्सं.”

“तसंच आहे. आणि मला कशाला सांगतेस? ज्याला सांगायचं त्याला जाऊन सांग.” त्यांनी कूस बदलली. पडून पडून त्यांची जीभ तेवढी धारदार राहिली आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी मी तळमजल्यावर गेले. पार्किंगच्या शेजारची खोली, भिंतीला कागदांचे खोके लावलेले, मधे एक टेबल. पत्र त्यांनी उघडलेलंच नव्हतं. कंपनीची पत्रं आता वाचत नाही म्हणाले, समजत नाहीत नीट. मी नोंदींचे दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले, मार्चचा आणि कालचा. ते बोट ठेवून वाचायला लागले. डोकं गेलेल्या माणसाला अर्धं मिनिट लागलं.

“नेमकी नोंद लावली नव्हतीस,” ते म्हणाले.

“नाही.”

“भाड्याचं मशीन?”

“हो.”

“दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं मी तुला. बोट एक घर पुढे पडतं, मागच्या घरात डोकावून यायचं.”

“आठवतंय मला, मास्तर.”

“मलाही आठवत होतं,” ते म्हणाले.

“मग मला विचारलं का नाहीत? सहा महिन्यांत एकदासुद्धा? तुम्ही नुसतं म्हणाला असतात ना, तर मी परत मोजलं असतं.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “तू मोजलं होतंस,” म्हणाले. “मोजण्यात तू चुकत नाहीस. मग चुकणारा मीच, नाही का?”

त्यांनी मला फाडून खायला हवं होतं. मी त्याच तयारीने गेले होते. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. ते कागदांची घडी करत बसले. करार वाढवायला साहेब तयार आहेत, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी फक्त मान हलवली. मग म्हणाले, “घरी येशील का जरा? हिला सांगायला हवं. मी सांगून उपयोग नाही. माझ्या बोलण्यावर हल्ली घरात कुणी विसंबत नाही.”

रागाने नाही म्हणाले. माहितीपुस्तिकेतलं वाक्य वाचावं तसं म्हणाले.

त्यांचं घर ऑफिसपासून चालत वीस मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. त्यांच्या घरी मी चारपाच वर्षांत गेले नव्हते. आत गेल्या गेल्या चिठ्ठ्या दिसल्या. दाराच्या आतल्या बाजूला ‘कुलूप’, कपाटाच्या एका फळीवर ‘औषधं सकाळ’, दुसरीवर ‘औषधं रात्र’, कॅलेंडरवर प्रत्येक तारखेला बारीक अक्षरात काहीतरी. अक्षर मास्तरांच्या बायकोचं, वहिनींचं. वहिनी शाळेचे गणवेश शिवून देतात. खिडकीशी मशीन, बाजूला निळ्या कापडाचे गठ्ठे. एवढ्या लवकर ते घरी आलेले बघून त्या धसकून उठल्या.

“काय झालं? कुठे चुकले का रस्ता?” त्यांनी मला विचारलं. त्यांना नाही, मला.

मी सांगितलं काही झालेलं नाही, आणि मग सगळं सांगितलं. चूक माझी होती, यांच्या डोक्याला काहीही झालेलं नाही, सात वेळा लिहिलेलं सातही वेळा बरोबर होतं. मास्तर दाराशीच उभे होते, चप्पलसुद्धा काढली नव्हती. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ताई, मन मोठं आहे तुमचं,” त्या म्हणाल्या. “यांना बरं वाटावं म्हणून एवढ्या उन्हाचं आलात.”

चुकीचं सांगितलं तेव्हा सगळं ऑफिस माझ्यावर विश्वासून चाललं, आणि आता खरं सांगतेय तर ही बाई माझी समजूत काढत होती. मी परत सुरुवात केली. मशीन कसं मोजतं, हाक कशी उशिरा पोचते, नाव पुढच्याचं कसं लागतं. हातवारे करून सांगितलं. कागद दाखवले. वहिनींच्या कपाळाला आठ्या पडल्या. अखेर त्यांनी शिलाई मशीनवर हात ठेवून विचारलं, “म्हणजे दोरा वर सुईपाशी तुटतो, आणि गुंता खाली बॉबिनमध्ये असतो, तसं?”

“अगदी तसं.”

“आणि तुम्ही वरचीच सुई बदलत बसलात.”

“मी नाही बदलली. यांना बदलायला लावली. सात वेळा.”

वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. “मी रोज विचारायचे यांना, कुलूप लावलं का, नक्की लावलं का. मग हेही दोनदोनदा जाऊन बघायला लागले. मला वाटायचं, बघा, वाढत चाललंय.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि सकाळपासून मला जे हवं होतं ते त्यांनी दिलं. “एवढी शिकलेली बाई तुम्ही. एकदा परत मोजता आलं नाही तुम्हाला?”

“नाही आलं. दमले होते वहिनी.”

“आम्ही नाही का दमलो?” त्या म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्या उठल्या, बटणांच्या डब्यात हात घालून यांच्यापासून लपवून ठेवलेली गाडीची किल्ली बाहेर काढली आणि मास्तरांपुढे धरली. “घ्या. चुकलं माझं.”

मास्तरांनी किल्लीकडे बघितलं. “राहू दे तुझ्याकडेच,” ते म्हणाले.

“अहो, ऐकलंत ना? काही झालेलं नाही तुम्हाला.”

“ऐकलं. हिने तुला सांगायच्या आधीच कागदावरून कळलं मला ते.” ते वाकून चप्पल काढायला लागले. “पण परवा मी पोस्टाच्या चौकात खरंच उभा राहिलो होतो. डावीकडे जायचं का उजवीकडे, सुचेना. सांगितलं नाही मी तुला. ते काही हिने मोजलं नव्हतं.”

“भीतीने होतं तसं,” मी म्हणाले. “सहा महिने मनात एकच घोळत असलं की कुणाचंही होईल, मास्तर.”

“होत असेल,” ते म्हणाले. “पण भीतीने झालं का दुसऱ्या कशाने, हे कसं मोजतेस?”

टोमणा नव्हता तो. शिकवताना विचारायचे तसं खरंच विचारत होते, उत्तर मिळेल म्हणून माझ्याकडे बघत होते. मला रडू यायला लागलं होतं आणि मी ते कागदांच्या आड लपवत होते.

“बस, चहा टाकतो,” ते म्हणाले आणि आत गेले. वहिनींच्या हातात किल्ली तशीच होती. त्या उठून आत जायला निघाल्या आणि परत बसल्या. आतून भांड्याचा आवाज आला, पाण्याचा आला, गॅस पेटल्याचा आला. आम्ही दोघी समोरासमोर बसून होतो. कप मांडल्याचा आवाज आला, चहा गाळल्याचा आला. वहिनी मान किंचित वाकडी करून कान देऊन ऐकत होत्या, मास्तरांनी गॅस बंद केला की नाही ते. आणि मला सगळं माहीत असताना, दोन्ही कागद माझ्या मांडीवर असताना, मीही तेच ऐकत होते.